विटाळ गेला, विसावा कुठे गेला?

आषाढ पौर्णिमेपासून आमच्या पडेगावच्या विहारात रोज संध्याकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. वर्षावासाच्या पहिल्याच काही दिवसांत तो प्रसंग येतो. लुंबिनीत सिद्धार्थाचा जन्म होतो, कपिलवस्तूत आनंदीआनंद होतो, पाचव्या दिवशी नामकरण होते आणि बाळ अवघे सात दिवसांचे असताना महामाया जग सोडून जाते. जाण्यापूर्वी आपले लेकरू ती प्रजापतीच्या स्वाधीन करते. वाचणारा वाचतो, आपण हात जोडतो आणि पान उलटते. यंदा मात्र सत्तरी ओलांडलेल्या एका आजीने वाचणाऱ्या मुलाला मध्येच थांबवले. "बाबा, ती गेली कशानं?" मुलगा गडबडला. अचानक आलेल्या गंभीर आजारापलीकडे ग्रंथात काही सांगितलेले नाही. मग आजीच म्हणाली, "सातव्या दिवशी म्हंजे बाळंतरोगच आसंल. आमच्या येळंला लई बाया आशाच गेल्या."

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आजाराचे निदान आज कोणी करू शकत नाही आणि ते करण्याची गरजही नाही. पण आजीने धोक्याचे दिवस अचूक ओळखले होते. मूल जन्माला आले की आपण पेढे वाटतो आणि सगळे पार पडले असे समजतो. वैद्यकशास्त्र मात्र सांगते की बाळंतपण तेथे संपत नाही. पुढचे बेचाळीस दिवस हा बाळंतपणाचाच भाग आहे. वार जेथे चिकटलेली होती तेथे गर्भाशयाच्या आत एक ओली जखम असते. साधारण एक किलो वजनाची झालेली पिशवी आकसून पुन्हा साठ-सत्तर ग्रॅमवर यायला सहा आठवडे लागतात. शस्त्रक्रिया झाली असेल तर पोटावर टाके असतात आणि आतले थर भरायला आणखी वेळ लागतो. याच काळात अति रक्तस्राव, जंतुसंसर्गाचा ताप, रक्तदाब वाढून येणारे झटके, पायाच्या शिरेत होणारी रक्ताची गाठ हे सारे धोके टपून बसलेले असतात. निसर्गाने ठरवलेली ही मुदत आहे. ती श्रीमंताच्या सुनेला जितकी लागू आहे तितकीच कचरा वेचणाऱ्या आमच्या भगिनीलाही लागू आहे. मग प्रत्यक्षात ती कोणाला मिळते आणि कोणाला नाकारली जाते, हाच खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे सव्वा महिन्याची प्रथा होती. बाळंतिणीने सव्वा महिना चुलीला, पाण्याला हात लावायचा नाही. या प्रथेच्या मुळाशी होता विटाळ. जी बाई जीव देते तीच अपवित्र! तिला अंधाऱ्या खोलीत ठेवायचे, शेगडीचा धूर कोंडायचा, पोट सुटेल म्हणून पाणी तोडायचे, पाचवीला सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहिणार म्हणून पाटावर कोरा कागद ठेवायचा, हे सारे त्या ब्राह्मणी विचारातूनच आले. आणि त्यातला दुटप्पीपणा पाहा. अनेक गावांत सवर्णांच्या घरची नाळ कापायला आमच्याच आयाबाया लागत. ज्या हातांनी पाटलाचे लेकरू जगात आणले, ते हात काम झाले की पुन्हा वेशीबाहेर! १९५६ साली धम्मदीक्षा घेऊन आपण हा विटाळ झुगारला, हे योग्यच केले. पण त्या विटाळाच्या आडून का होईना, बाईच्या पाठीला जो थोडा विसावा मिळत होता, त्याचे काय झाले? मुळात आमच्या मजूर आयाबायांना तो कधी पुरता मिळालाच नव्हता. खुरपे हातात असतानाच कळा आल्या, बांधावर बाळंत झाली, चौथ्या दिवशी पुन्हा रानात गेली, अशा कथा आपण अभिमानाने सांगतो. बंधू-भगिनींनो, ती अभिमानाची गोष्ट नाही. त्या बाईवर लादलेली ती गुलामी होती.

आणि ती आजही संपलेली नाही. पडेगावातच माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहणारी एक भगिनी चार घरची धुणीभांडी करते. दुसऱ्या बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी ती कामावर हजर झाली. मी तिला विचारले, तर म्हणाली, "ताई, महिनाभर गेले न्हाई तर दुसरी बाई ठेवतेत. मंग मी लेकराला काय घालू?" तिच्या पायांवर सूज होती, अंगावरून जाणे थांबलेले नव्हते आणि लेकरू आठ वर्षांच्या बहिणीच्या मांडीवर सोडून ती आली होती. मग तिने मला एक प्रश्न विचारला, "तुम्ही वकील हाव ना ताई? कायद्यात आमचं काय आहे?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

उत्तराची सुरुवात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपासूनच करावी लागते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर बाबासाहेब बोलले. प्रसूतीच्या आधी आणि नंतरही आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. हित राष्ट्राचे असल्यामुळे खर्चाचा मोठा भार शासनाने उचलावा. पण स्त्रीच्या श्रमातून मालक नफा कमावतो, म्हणून त्यालाही जबाबदारीतून सुटका नाही, हे त्यांनी ठणकावले. १९२९ साली तो कायदा झाला आणि भारतातील असा तो पहिला कायदा ठरला. पुढे व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४३ आणि १९४५ साली त्यांनी खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्त्या आणल्या. आणि त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुदा केलेल्या संविधानाच्या अनुच्छेद ४२ मध्ये प्रसूती साहाय्याची तरतूद करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकण्यात आले. ज्याला घरातला खासगी मामला, बायकांची गोष्ट म्हणून बाजूला सारले जात होते, त्याला बाबासाहेबांनी राष्ट्राचा प्रश्न केले.

हे भाषण करणारा माणूस कोण होता, हेही आठवावे. भीमाईंचे ते चौदावे अपत्य. भीमराव पाच-सहा वर्षांचे असताना भीमाई गेल्या. रमाईंनी पाच लेकरांना जन्म दिला. यशवंत वगळता चारही लेकरे लहानपणीच दगावली. राजरत्न गेला तो जुलै १९२६ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै महिन्यातच, बाबासाहेब आईच्या विश्रांतीसाठी सभागृहात उभे होते. २७ मे १९३५ रोजी रमाईही गेल्या. १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला गेला, तो सभागृहाने फेटाळला. वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीचे शरीर कसे झिजते हे बाबासाहेबांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. आपण रमाईच्या त्यागाची गाणी गातो. तिच्या थकलेल्या शरीराचा विचार किती वेळा करतो?

आता आजचा कायदा. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. त्यातील तरतुदी समजून घ्या. कारखाने, खाणी, मळे आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेली दुकाने व आस्थापना यांत मागील बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेल्या स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांपर्यंत सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे. बाळंतपण किंवा गर्भपात झाल्यावर सहा आठवडे तिला कामावर ठेवण्यास मालकाला मनाई आहे. रजेच्या काळात तिला कामावरून काढणे बेकायदा आहे. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुट्टी द्यावी लागते. 'तू कंत्राटी आहेस, रोजंदारीवर आहेस, तुला रजा नाही' असे मुकादम सांगत असेल तर त्याला ८ मार्च २००० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टरवरील रोजंदार स्त्रियांनाही प्रसूती लाभ मिळालाच पाहिजे, असे त्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखाली काम करणाऱ्या आमच्या किती भगिनींना हे ठाऊक आहे?

परंतु धुणीभांडी करणारी, कचरा वेचणारी, शेतमजूर, ऊसतोडीला जाणारी बाई या रजेच्या कक्षेत येतच नाही. तिला मालक आहेत चार, आणि कायद्याच्या नजरेत एकही नाही! तिच्यासाठी आहे ती राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ ची तरतूद. सरकारी नोकरीतील व अन्य कायद्याने असाच लाभ घेणाऱ्या स्त्रिया वगळता प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये मिळतील, असे संसदेने या कायद्याच्या कलम ४ मध्ये लिहिले. पहिलेच मूल हवे अशी अट त्या कलमात नाही. पण २०१७ साली प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली आणि तिने पहिल्या अपत्यासाठी पाच हजार दिले. पुढे दुसरे अपत्य मुलगी असेल तर सहा हजार, अशी भर पडली. म्हणजे दुसरा मुलगा झाला तर बाईची पिशवी आपोआप आकसते, तिला विसावा लागत नाही, असे शासनाला वाटते काय? संसदेने सर्वांना दिलेला हक्क योजनेच्या कागदाने छाटला. माझ्या शेजारच्या त्या भगिनीला दुसरा मुलगा झाला, म्हणून तिला काहीच मिळाले नाही. आणि हे पैसे मिळाले तरी ते किती दिवस पुरतात? सव्वीस आठवड्यांचा पूर्ण पगार एकीला आणि पाच-सहा हजार रुपये दुसरीला, याला समता म्हणतात काय?

तरीही जे आहे ते पदरात पाडून घेतलेच पाहिजे. घरातील स्त्री किंवा पुरुष बांधकाम कामगार म्हणून महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदीत असेल तर दोन अपत्यांपर्यंत नैसर्गिक प्रसूतीसाठी १५ हजार व शस्त्रक्रियेसाठी २० हजार रुपयांचे साहाय्य आहे. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे, रक्त, तेथील जेवण आणि घरी परत सोडणारे वाहन मोफत आहे. साधे बाळंतपण असले तरी अठ्ठेचाळीस तास दवाखान्यात राहण्याचा आग्रह धरावा. त्यानंतर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यावयाचे आहे. ती आली नाही तर विचारा आणि आली तर तिच्यासमोर केवळ बाळाला ठेवू नका, आईलाही बसवा. रक्तवाढीच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यावयाच्या असतात. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने सांगितले आहे. तासाभरात कापड पूर्ण भिजणे, दुर्गंधी, ताप, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, एका पायाला सूज व दुखणे, छातीत दुखणे किंवा दम लागणे यांपैकी काहीही झाले तर अंगारा नको, काढा नको; रिक्षा करा आणि तडक घाटी रुग्णालय गाठा.

इथवर शरीराचे झाले. मनाचे काय? या ठिकाणी मला स्वतःविषयी सांगावे लागेल. पंधरा वर्षांपूर्वी माझे पहिले बाळंतपण झाले, शस्त्रक्रियेने. वकिलाला पगारी रजा नसते. पंचविसाव्या दिवशी एका जामीन अर्जाच्या सुनावणीसाठी मी टाक्यांवर पट्टा बांधून कोर्टात उभी राहिले. लोक म्हणाले, वाघीण आहे! मलाही ते ऐकायला बरे वाटले. पण घरी आल्यावर बाळाला उचलायची भीती वाटे. रात्री बाळ झोपले तरी मला झोप नसे. उगाच रडू येई आणि मनात येई की माझ्यावाचून हे लेकरू सुखी राहील. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या आमच्या घरात कोणीतरी दबक्या आवाजात 'बाहेरचं काही असेल' असे म्हणाले. कोणी म्हणाले, शिकलेल्या बायकांची ही नाटकं. आणि मी, जी दुसऱ्यांचे हक्क मांडते, ती चार महिने गप्प बसले. अखेर एका डॉक्टरीणबाईंनी सांगितले की हा आजार आहे, त्याला नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत. तेव्हा मी पहिल्यांदा रडले ते सुटकेने.

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत मन हळवे होणे, रडू येणे हे अनेकींना होते आणि दोन आठवड्यांत ते निवळते. त्याहून अधिक काळ उदासी राहिली, झोप-भूक गेली, बाळाविषयी परकेपणा वाटला, जगणे नकोसे झाले, तर तो प्रसूतीनंतरचा नैराश्याचा आजार असतो. भारतात साधारण पाच मातांपैकी एकीला तो होतो, असे २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. आणि बाई असंबद्ध बोलू लागली, तिला भास होऊ लागले, तर तो तातडीचा धोका समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. सासरच्यांनी 'वेडी आहे' म्हणून लेकरू हिसकावले, तिला माहेरी हाकलले, अशी प्रकरणे माझ्याकडे येतात. त्यांच्यासाठी सांगते: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ नुसार मानसिक रुग्णालयात उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील लेकराला सर्वसाधारणपणे वेगळे करता येत नाही. जो कायदा दवाखान्यात आईचे लेकरू तोडत नाही, तो सासरच्या अंगणात ते तोडू देईल काय?

शासनाला आणि मालकाला प्रश्न विचारून झाले. आता थोडे स्वतःला. आमचे किती कार्यकर्ते पत्नीच्या बाळंतपणात सव्वा महिना स्वयंपाक करतात? व्यासपीठावर स्त्रीमुक्तीचे भाषण ठोकून घरी येणारा आमचा भाऊ ओल्या बाळंतिणीच्या हातचा चहा मागतो, याची लाज कोणाला वाटते? मुलगी झाली म्हणून डिंकाचे लाडू आखडते घेणारी सासू आमच्या वस्तीत नाहीच काय? १४ एप्रिलला डीजेसाठी आपण दारोदार वर्गणी गोळा करतो. त्याच रांगेतल्या एका घरात बाई बाळंत होऊन आठ दिवस झालेले असतात आणि तिच्या घरी डाळ शिजलेली नसते. बाबासाहेबांनी सभागृहात मागितलेला विसावा त्यांच्या जयंतीच्या वर्गणीतून देता येत नसेल तर ती जयंती कोणाची?

हे काम आपल्या परंपरेत नवीन नाही. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीमाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांची बाळंतपणे त्या घरात झाली. तिथल्याच काशीबाईचे लेकरू त्यांनी १८७४ साली दत्तक घेतले, तोच यशवंत. परक्या बाईचे बाळंतपण काढणे हे या महामानवांनी चळवळीचे काम मानले. आपण सावित्रीमाईला शाळेत बसवले आणि बाळंतिणीच्या खाटेशी बसलेली सावित्रीमाई विसरलो.

म्हणून पडेगावच्या आमच्या महिला मंडळापुढे मी एक साधा प्रस्ताव ठेवला आहे आणि तो प्रत्येक वस्तीपुढे ठेवते. विहारात एक वही ठेवावी. वस्तीत जी भगिनी बाळंत होईल तिचे नाव व तारीख त्यात लिहावी, मग ती कोणत्याही जातिधर्माची असो. बेचाळीस दिवस पाळीपाळीने तिच्या घरी एक वेळचा डबा जावा. धुण्याचे आणि पाणी भरण्याचे काम तरुणांनी, होय, तरुणांनी वाटून घ्यावे. ती चार घरी कामाला जात असेल तर दुसऱ्या दोघींनी तेवढे दिवस ते काम सांभाळावे आणि नंतर तिचे काम तिला परत द्यावे. आठवड्यातून एकदा कोणीतरी तिच्याजवळ बसून बाळाआधी तिला विचारावे, 'तू कशी आहेस?' आणि तिचे उत्तर पुरते ऐकावे. वकिलांनी महिन्यातून एक रविवार विहारात बसून अर्ज भरून द्यावेत; मी बसते आहे. आणि अन्न सुरक्षा कायद्यातील हक्क अपत्याची अट न घालता प्रत्येक मातेला मिळावा, घरकामगार स्त्रीलाही सहा आठवड्यांची भरपाई मिळावी, ही मागणी आपल्या प्रत्येक मोर्चाच्या निवेदनात आली पाहिजे.

महामायेला वाचवता आले नाही. पण मरताना तिच्या उशाशी प्रजापती होती, म्हणून ते लेकरू वाढले आणि जगाला बुद्ध मिळाला. आपल्या वस्तीतल्या बाळंतिणीच्या उशाशी आज कोण आहे? पुढच्या वर्षावासात ते पान वाचायला घ्याल तेव्हा उलटण्यापूर्वी एवढे विचारा, आणि उत्तर नसेल तर ग्रंथ क्षणभर मिटून त्या वहीतल्या घराकडे चालू लागा.

जयभीम!